पट्टीवर नसलेलं दशांशचिन्ह

बसवनगुडीत धाकट्या भावाने नवा फ्लॅट घेतला आहे. तिथल्या दिवाणखान्यात, काचेच्या चौकटीत, एक स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकार करायची सरकती पट्टी, टांगलेला आहे. विद्यार्थ्यांसाठी मिळायचा तसा स्वस्तातला, प्लास्टिकचा, आता पिवळा पडलेला. परवा मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि बंद काचेतूनही मला टाल्कम पावडरीचा वास आला. उन्हाळ्यात मधली पट्टी अडकायची, तेव्हा अण्णा तिला पावडर चोळायचे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्म निपाणीकडचा, नोकरी राजाजीनगरच्या कारखान्यात, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी मुरलेली. मला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला घालायचं म्हणून त्यांनी हा आणला होता. मधल्या पट्टीवरचा एक खालच्या दोनावर आणायचा, मग तिनाखाली बघायचं. तिथे सहा दिसले तेव्हा मी हरखूनच गेले. पट्टीवरच्या सरकत्या काचेची केसासारखी रेघ मी सरकवत असताना ते शेजारून म्हणत राहायचे, "स्वल्प इकडं. स्वल्प तिकडं." स्वल्प म्हणजे कानडीत जरासं. तिसरा अंक थोडा हलला तरी चालतो, असं त्यांचं सांगणं. पट्टी नुसते अंक देते. छत्तीस की तीनशे साठ, ते काही सांगत नाही. दशांशचिन्ह आपल्या डोक्यात पाहिजे, ते चुकलं की पूल पडतो. माझं ते कधी चुकलं नाही.

मला प्रवेश मिळाला आणि त्याच महिन्यात स्थळ आलं. चांगलं होतं म्हणे. मी दोन दिवस जेवले नाही. अण्णा जवळ येऊन बसले, नजर मात्र भिंतीकडे. "स्वल्प समजून घे, पुट्टी," एवढंच म्हणाले. पुट्टी म्हणजे छोटी. स्लाइड रूल भावाकडे गेला. तो कॉलेजात पोचेपर्यंत घरोघर कॅल्क्युलेटर आले होते. त्याने त्याचा उपयोग पाठ खाजवायला केला.

"आत्या, हा बाबांचा कॉलेजचा," पुण्याहून आलेली त्याची सून कौतुकाने सांगत होती. कसा वापरायचा, असं तिने त्याला विचारलं. "स्वल्प यायचा मला," भाऊ हसला, "आता विसरलो."

मला येतो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सत्तरीच्या बाईने ते सिद्ध करून मिळवायचं काय? मी चहा पीत राहिले. राग भावाचा नाही, त्या पोरीचा तर नाहीच. अण्णांचा आहे, आणि ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो उतरत नाही. स्वल्प नव्हतं हो ते, अण्णा. तिसरा अंक नव्हता हलला, दशांशचिन्ह चुकलं होतं. आणि त्यातला फरक मला तुम्हीच शिकवला होतात.