म्हटलं, हळद असेल

हे मी घरी कधी बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतेय? तेही नीट कळत नाही बघा.

मी लहान मुलांची डॉक्टर. चिकलठाण्याला माझा दवाखाना आहे, शिकणारी पोरंपोरी तिथं माझ्याजवळ बसतात. एक गोष्ट मी त्यांना दमात घेऊन शिकवते — नवजात बाळाची कावीळ खोलीतल्या दिव्यात बघायची नाही. कपडे काढा, उजेडात न्या, कातडी बोटानं दाबा, तळपायापर्यंत बघा. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर थेट मोठ्या दवाखान्यात. किती ठासून सांगते! हे कुठून शिकले ते मात्र — नाही सांगत.

इंटर्न होते तेव्हा. गंगापूरकडच्या एका गावात घरोघरी बाळंतिणी बघायला जायचे. संगीता पहिलटकरीण, माहेरी आलेली. खोली अंधारी, खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी — धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. बाळाला नुकतंच तेल-हळद चोळलेलं. ती म्हणाली, "म्याडम, लई झोपायलंय हे, दूध बी ओढंना." बाळाला बाहेर न्यावं असं मनात आलं खरं. पण तिची आई दारातच उभी — नजर लागंल, वारं लागंल. मी वाद घातला नाही. भ्याले? की मला फक्त त्या धुरातून सुटायचं होतं? पिवळं दिसलं होतं मला. दिसलं होतं ना? म्हटलं, हळद असेल. "छान आहे बाळ," म्हणाले आणि निघाले.

इथवरच्याला चूक म्हणता येईल. शिकाऊच होते की मी. पण पुढचं?

पुढच्याच आठवड्यात माझी ड्युटी शहरात, मुलांच्या वॉर्डात लागली, आणि तिथंच ते बाळ आलं. कावीळ मेंदूपर्यंत गेलेली. पोरगी वाचली, पण तिला ऐकू येत नाही. त्या दिवशी आमचे सर संगीतावर खेकसले, इतका उशीर का केला? ती माझ्याकडं बघत म्हणाली, या म्याडमनी बघितलं व्हतं. सर वळले. आणि मी म्हणाले — तेव्हा काहीच नव्हतं सर, दूध ओढत नसेल तर लगेच आणा, असं मी बजावलं होतं.

चटकन आलं तोंडातून. कसं आलं, देव जाणे. संगीता गोंधळली. तिला वाटलं असणार, आपल्याच ध्यानात राहिलं नाही — डॉक्टर कशाला खोटं बोलेल?

मागच्या उन्हाळ्यात ती माझ्या दवाखान्यात आली. छातीशी दुसरं बाळ, जेमतेम आठवड्याचं, मोठीचं बोट धरलेलं. मी काही म्हणायच्या आत तिनंच बाळाचे कपडे काढले. म्हणाली, "आता नाय हयगय करायची. त्या वक्ताला तुम्ही सांगूनबी मीच चुकले, म्याडम."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं, होतं असं," म्हणाले. मी — तिला माफ केलं.