चौऱ्याहत्तर मार्क

मुलीला मी घरीच शिकवलं. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून चँडलर शहरातल्या आमच्या घरात डायनिंग टेबलाचीच शाळा झाली. पंधराव्या वर्षी तिनं कॉलेजचं क्रेडिट देणारी पहिली परीक्षा दिली. त्यात पास झालं की तो विषय पुढे कॉलेजात घ्यावा लागत नाही. निघताना मी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली.

सेंटरमधून ती जवळजवळ धावतच गाडीकडे आली आणि निकालाचा कागद माझ्यापुढे धरला. बायॉलॉजी, चौऱ्याहत्तर. मी म्हणाले, "बाकीचे मार्क कुठे गेले?" माझ्या माहेरी नव्वद मिळाले तरी हेच विचारायचे. तिनं कागदाची घडी केली आणि सीटबेल्ट लावला.

त्यानंतर तिनं आणखी सहा परीक्षा दिल्या. दहीसाखर मुकाट्यानं खाल्ली, पण कागद कधी दाखवला नाही. "पास," एवढंच सांगायची.

यंदा कॉलेजच्या ॲडमिशनला गेलो. तिथल्या बाई फाइल चाळताना कौतुकानं म्हणाल्या, की बायॉलॉजीत ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर फार थोड्यांना मिळतात. ही परीक्षा शंभराची नसतेच, हे मला तेव्हा कळलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं, तुला माहीत असेल," ती म्हणाली. "टीचर तूच होतीस ना."