आजीचं नाव

पोह्यांत गूळ, ओलं खोबरं आणि वेलची मिसळली, की त्या वासानं माझं डोकं अजून तापतं.

मलकापुरात बाबा तेव्हा अत्यवस्थ होते. शेजारचे डॅनियलकाका ज्यू. रोज बाबांच्या उशाशी येऊन बसायचे. त्या दिवशी ते नवसाचा असाच मलिदा घेऊन आले. म्हणाले, "यांच्यासाठी प्रार्थना करतो. आमच्यात आजाऱ्याच्या नावापुढे त्याच्या आईचं नाव घेतात. यांच्या आईचं काय होतं?"

सात पिढ्यांचे बाप घडाघडा सांगणारे माझे मोठे काका खेकसले, "आमी तं तिले मायच म्हनो. बापाचं लावा नं!"

शेवटी डॅनियलकाकांनी त्यांच्या आद्यमातेचं, साराचं नाव लावलं.

मोठ्या काकांवर मी वर्षानुवर्षं चिडून होते. बाबा मात्र त्यानंतर वीस वर्षं जगले, आणि त्यांना आजीचं नाव मीही कधी विचारलं नाही.