बाहेर जाऊन सांगा

बाई सल्ला मागायला आलेल्या माणसाकडे पाठ करून बसायच्या. आमची पहिली भेट अशीच झाली. मी फाईल उघडून सगळी कहाणी सांगायच्या तयारीत होते आणि बाईंनी खुर्ची फिरवून थेट माझ्या भावासमोर, सिद्धूसमोर नेली. सिद्धू तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, आणि तोवर कुठल्याच टेबलापाशी कोणी त्याच्याकडे बघून बोललं नव्हतं. मला राग आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी काय बाईंचा अंबाडा बघायला आले होते?

बाई वकील नव्हत्या. विशेष मुलांच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. आपली मुलं अठरा वर्षांची झाली की कायद्याने सज्ञान होतात, आणि मग बँकेपासून दवाखान्यापर्यंत जो तो ‘याचे कायदेशीर पालक कोण?’ म्हणून अडवतो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या आमच्यासारख्यांना दाखले, पेन्शन, पालकत्वाचे अर्ज असं सगळं समजावून सांगत. फी नाही. फक्त प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणायच्या. “एक साहेबाले, एक तुले, अन् एक हरवाले,” म्हणायच्या. तिसरी खरोखरच हरवायची.

नियम मात्र एकच, आणि तो कडक. त्या दिवशी मी सवयीने म्हणून गेले, “बाई, ह्याला काही समजत नाही.” बाईंनी मान न वळवता दाराकडे बोट केलं. “बाहेर जाऊन सांग वं. तो बसून आहे इथं.” मला वाटलं, गंमत करतात. गंमत नव्हती. मी मुकाट्याने ओट्यावर गेले आणि कुंड्यांच्या गर्दीत उभी राहिले. बाई मागून आल्या. “हं, बोल आता.” तिथे मला सांगण्यासारखं काही सुचेचना. पुढे त्या ओट्यावर मी भलेभले उभे असलेले पाहिले. एकदा तर एक डॉक्टर होते.

आई गेली आणि सिद्धूचं पालकत्व कोणीतरी रीतसर घेणं भाग झालं. अर्ज दोन होते. एक माझा आणि दुसरा आमच्या दादाचा. दादा खापरखेड्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. माणूस वाईट नाही. “तू एकटी, त्यात नोकरी. उद्या तुलेच काही झालं तं याले कोन पाहीन?” हे त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. पण त्याने वर्ध्याच्या पलीकडे एक निवासी संस्था बघून ठेवली होती. पालकत्व त्याला मिळालं असतं तर सिद्धू महिन्याभरात तिकडे गेला असता. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं, या विचारानेच माझी झोप उडाली होती.

त्या धास्तीपायी मी अर्जात सगळीकडे ‘जमत नाही’ लिहून ठेवलं. बाईंनी सिद्धूला एकेक विचारत त्यातलं निम्मं खोडलं. “जेवढं त्याले जमत नाही तेवढंच माग. बाकीचं त्याच्यापाशी राहू दे.” ‘तुला कुठे राहायचंय?’ असं त्या कोणालाच विचारत नसत. हे ऐकलं की सिद्धूसारखी माणसं समोरच्याचं तोंड बघून उत्तर देतात म्हणे. त्या विचारायच्या, “उद्या सकाळी काय करशील?”

सुनावणीला आम्ही तिघं भावंडं पालकत्व ठरवणाऱ्या सरकारी समितीसमोर बसलो, मागे बाई. साहेब भले होते. त्यांनी सिद्धूलाच विचारलं, “तुला कोणाकडे राहायला आवडेल?” सिद्धूने हाताची घडी घातली, मान खाली केली आणि म्हणाला, “मले काही समजत नाही, साहेब.”

ते वाक्य आईचं होतं. दाखल्याची रांग असो की पेन्शनची, आई त्याच्या कानात सांगायची, “काही विचारलं तं काही समजत नाही म्हणजो बेटा.” पोरगं नीट बोललं तर दाखल्यावर अक्षमतेचे टक्के कमी लिहितील, ही तिची भीती. तिच्यामागे मीही तेच पढवत राहिले. कचेरीत कसं वागायचं याचा तेवढा एकच धडा आम्ही त्याला दिला होता, आणि तो त्याने चोख म्हणून दाखवला. दादा माझ्याकडे ‘बघ’ अशा नजरेने पाहत होता.

बाई उठल्या. “साहेब, मी एक विचारू काय?” साहेबांनी मान हलवली. बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळ्या समितीकडे पाठ करून सिद्धूसमोर बसल्या. “सिद्धू, उद्या सकाळी काय करशील?”

सिद्धूची घडी सुटली. “पाच वाजता मोटर लावीन. पानी भरीन. मंग ताईचा डबा. पोळ्या वर, भाजी खाली. मंग बस. गांधीबागेत शेटच्या दुकानात साड्यांच्या घड्या.”

“आणि दुसरीकडे राहायला गेलास तर?” साहेबांनी विचारलं.

सिद्धू माझ्याकडे वळला. “मंग ताईचा डबा कोन भरते?”

दादाच आधी बोलला. “साहेब, माझा अर्ज राहू द्या, मी वापस घेतो.” बाहेर येऊन त्याने सिद्धूला चहा पाजला. मी जिन्यात बसून रडत होते. “काहून रडून राहिली वं?” बाई म्हणाल्या. “आदेश आला की तीन झेरॉक्स काढजो.”

अलीकडे बाई विसरायला लागल्या. आधी नावं, मग पेटता गॅस. पुण्याहून त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. ओटा मोकळा होता, खोलीत खोकी बांधलेली. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून हसल्या, पण ओळखलं नसावं. मुलगा बिचारा थकलेला. बाईंच्या देखतच मला म्हणाला, “आईला आता काही समजत नाही हो.”

आणि मी मान डोलावली. माझी मला अजून लाज वाटते.

सिद्धूने दाराकडे बोट केलं. “बाहेर जाऊन सांगा, भाऊ. बाई बसून आहेत इथं.”

मुलगा गोंधळून ओट्यावर गेला. मागोमाग मीही गेले, मला ती वाट ठाऊक होती. दारातून आम्हाला सिद्धूची पाठ दिसत होती. तो खुर्ची ओढून बाईंसमोर बसला होता.

“बाई, उद्या सकाळी काय करसाल?”

बाई त्याच्याकडे वळल्या. मग सावकाश म्हणाल्या, “कुंड्याईले पानी टाकीन. मंग तुह्या झेरॉक्स.”

“तीन,” सिद्धू म्हणाला.

“तीन,” बाई म्हणाल्या.

मुलाने रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. “कुंड्या मी कालच शेजारी देऊन टाकल्या,” तो हळूच म्हणाला, आणि त्या परत मागायला गेला.