पाचव्या गियरमधलं बोलणं

लग्न होऊन मी माहेराहून, सिरोंचाहून, नागभीडजवळच्या गावी आले, तेव्हा सासरी मुरमुऱ्यांची भट्टी होती आणि एक जुना ट्रक. भट्टीवरची पोती चंद्रपूरच्या दुकानांत पोचवायची. ट्रक हेच चालवत; दुकानात माल उतरवून देत तेव्हा गाडीतल्या बाकीच्या पोत्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी लागे, म्हणून सासूबाईंनी मला केबिनमध्ये बसवलं. मी मनातून खूश झाले. भरल्या घरात नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. वाटलं, रस्त्यात पोटभर बोलू.

कसलं काय! त्या गाडीचं इंजिन केबिनमध्येच, आम्हा दोघांच्या मधोमध. चौथ्या गियरमध्ये ते असं बोंबलायचं की स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे. मी खिडकीबाहेरचा साग बघत बसायची. मधूनच यांचे ओठ हलत. मला वाटे, तंबाखूचा खर्रा चघळत असतील. यांनी माझ्याकडे पाहिलं की मी आपली नव्या सुनेसारखी मान डोलवायची. दिवाळी झाली, संक्रांत झाली. घरच्यांनी मला घुम्या माणसाच्या गळ्यात बांधलं अशी माझी खात्रीच झाली. एकटी असले की रडू यायचं.

खरं तर गाडीला पाचवा गियरही होता. चंद्रपूरच्या चाचा मिस्त्रींनी भंगारातल्या गाडीचा गियरबॉक्स बसवला, त्यासोबत तो आला. त्याला ते ओव्हरड्राइव्ह म्हणत. त्यात चाकं जोरात पळतात आणि इंजिन आरामात फिरतं, फक्त गाडीला वेग हवा नि रस्ता सपाट हवा, असं त्यांनी समजावलं होतं. सासऱ्यांनी मात्र त्याचा ठेवणीतला शालू करून टाकला. रोज वापरला तर झिजेल, म्हणून लग्नकार्याला जातानाच लावायचा. मुरमुऱ्यासारख्या हलक्या मालालाही नाही!

एकदा परतताना माझं डोकं ठणकत होतं. मूल गावी चहासाठी थांबलो तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, आता पाचवा लावा, मामाजींना मी बघून घेते. यांनी मागच्या रिकाम्या पोत्यांकडे असं पाहिलं, जणू सासरे तिथेच दडून बसलेत. गाव मागे पडलं, सरळ रस्ता लागला, गाडीनं वेग घेतला आणि यांनी दांडा सरकवला.

गोंगाट खाली बसला. बाहेरची पाखरं ऐकू आली. आणि यांचा आवाज आला, मधूनच कुठूनतरी सुरू झालेला: भट्टीच्या वाळूबद्दल, बहिणीच्या म्हशीबद्दल. मी आ वासून बघत राहिले.

"तुम्ही बोलता?" मी विचारलं.

"रोजच बोलून राह्यलो. तूच नुसती मान हालवते." मग हे म्हणाले, "पहिल्याच फेरीत इचारलं होतं, इथी करमत नसन तर तुले सिरोंचाले नेऊन देऊ का, कायमचं. तू मान हालवली."

म्हणजे तेव्हापासून हे माझ्या जाण्याची धास्ती घेऊन बसले होते, आणि तरी रोज बोलत होते. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"आता पुन्हा इचारा," मी म्हणाले.

यांनी विचारलं. नेमका तेवढ्यात नाल्यापुढचा चढ लागला. वेग पडला, गाडी गचके खाऊ लागली. खालचा गियर टाकायलाच हवा होता, म्हणजे पुन्हा तोच गोंगाट. यांचा हात दांड्यावर होता, पण तो हलेना. गाडी बंद पडायच्या बेतात आली.

"कुठी नाई जात," मी म्हणाले.

मग यांनी गियर बदलला.