भरपगारी सुट्टी

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो आणि समोरच्या घरातल्या पोराची मस्करी करत होतो. तो धुळ्यात घरी बसून जर्मनीच्या कंपनीचं काम करतो. साहेबाशी बोलायचं कानातलं यंत्र आंघोळीपुरतंच काढतो आणि प्रत्येक बोलणं "म्हणजे बघा"पासून सुरू करतो.

ही म्हणाली, "तुना साहेब सुट्टी देस, वर पगार बी देस. मंग तू का लेस नही?"

"म्हणजे बघा अक्का, तिकडचे लोक महिनाभर समुद्रावर जाऊन पडतात. मी पडलो आणि माझ्यावाचून काही अडलंच नाही तर?"

सुट्टी घेत नाही म्हणून त्याचा साहेब त्याला रागवायचा. मी कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म काढला. आमचा शेठ लघवीला गेलं तरी रागवायचा.

हिच्या मयतीलाही तो यंत्र घालूनच आला. तिरडीला खांदा देताना मधेच "यस सर" म्हणाला. मला रडताना हसू आलं, भाऊबंद बघायला लागले.

दहावं झालं, पाहुणे पांगले आणि घर खायला उठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा.

"आबा, सुट्टी घेतली. साहेबाने विचारलं, कुठे जाणार? म्हटलं, समोरच्या घरी."

मी म्हटलं, "नळ आलाय, हंडे लाव."

त्याने बाह्या वर केल्या आणि पाणी भरायला लागला.