तळीतलं मेलेलं बदक
चैत्रात आमच्या तळीचं पाणी आटून हिरवं झालं की त्याला कुबट वास सुटतो, आणि मला ती सकाळ आठवते. माझं एक बदक मान टाकून चिखलात मेलेलं दिसलं. असं बदक मेलं तर रोग पसरतो, ते लगेच काढून पुरा, बाकीची तळीत सोडू नका, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गावात कळलं तर माझी अंडी कोण घेणार, या भीतीने मी ते काठीने गवतात ढकललं. तेवढ्यात शेजारची काकी आपली सहा बदकं घेऊन आली. "तुझी बदकां बरी आसत मां गो? माझी सोडू?" तिने विचारलं. "सोडा काकी, बरी आसत," मी म्हटलं. आठवड्याभरात माझी सगळी मेली आणि तिची पाच. उरलेलं एक काखेत धरून ती माझ्या दारात आली. "तुझां चेडू कालपासून रडता. ह्यां तेका दी," माझ्या लेकीकडे बघत ती म्हणाली. तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मी नुसते हात पुढे केले आणि ते बदक घेतलं. काकी आता नाही. माझी लेक अजून कौतुकाने तिची ती माया सांगू लागते, तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून आत जाते.